चॅरिंग क्रॉस: एका नावाची तीन स्थानके

लंडनमध्ये १९०७ साली भुयारी रेल्वेने 'चॅरिंग क्रॉस'ला उतरणारा प्रवासी कोणत्या गाडीने आला त्याप्रमाणे दोनपैकी एका ठिकाणी जमिनीवर येत असे: थेम्स नदीच्या काठाशी, नाही तर तिथून थोडे वर, चॅरिंग क्रॉस या मोठ्या रेल्वे टर्मिनसच्या पुढ्यात. १९५० साली त्याच नावाच्या स्थानकावर उतरणारा नेहमी नदीकाठीच बाहेर पडे, कारण टर्मिनसच्या अगदी खाली असलेल्या स्थानकाच्या पाटीवर तेव्हा 'स्ट्रँड' लिहिलेले होते. आज नदीकाठच्या स्थानकाचे नाव 'एम्बँकमेंट' आहे. चॅरिंग क्रॉसला उतरलेला प्रवासी आता टर्मिनसच्या पुढ्यात किंवा ट्रफाल्गर स्क्वेअरच्या कडेला बाहेर येतो.

वरचे टर्मिनस १८६४ पासून जागचे हललेले नाही. भुयारातले जुने फलाटही बहुतेक जिथे खोदले तिथेच आहेत. नाव मात्र शंभर-सव्वाशे वर्षे या तीन जागांमध्ये फिरत राहिले. या फिरण्यात मनमानी दिसते, पण तिच्यामागे एक नियम आहे. जमिनीखाली मार्गांची जुळणी बदलली की काही काळाने वरच्या पाट्या बदलल्या. शहरातल्या भुयारी स्थानकाला नाव कसे मिळते आणि मिळालेले नाव का टिकते किंवा का जाते, हे समजून घ्यायला चॅरिंग क्रॉससारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पुढचा मजकूर समजायला तीन जागा लक्षात ठेवलेल्या बऱ्या. पहिली नदीकाठची, दुसरी टर्मिनसच्या पुढ्यातली आणि तिसरी ट्रफाल्गर स्क्वेअर या चौकाखालची. तिन्ही एकमेकींपासून काही मिनिटांच्या चालण्यावर आहेत.

वळणावरचे गाव आणि राणीचा क्रूस

नावाचे दोन तुकडे आहेत आणि दोन्ही रेल्वेपेक्षा कितीतरी जुने आहेत. चॅरिंग हे लंडनची मूळ पेठ आणि वेस्टमिन्स्टरचा राजवाडा यांच्या मधले एक खेडे होते. वेस्टमिन्स्टरपाशी उत्तरेकडे वाहणारी थेम्स इथे पूर्वेकडे वळते, आणि स्ट्रँडकडून येणारा रस्ताही इथेच वळून व्हाइटहॉलला लागतो. 'वळण' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून गावाला चॅरिंग हे नाव पडले, असे नावांचे अभ्यासक मानतात.

'क्रॉस' आला तो एका अंत्ययात्रेतून. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची राणी एलेनॉर २८ नोव्हेंबर १२९० रोजी लिंकन शहराजवळच्या हार्बी या गावी वारली. तिचा देह वेस्टमिन्स्टरला आणताना वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला, तिथे तिथे राजाने तिच्या स्मरणार्थ उंच, कोरीव दगडी क्रूस उभारले. असे बारा क्रूस झाले. यात्रेच्या वाटेवरचा शेवटचा क्रूस चॅरिंगचा. तेव्हापासून या नाक्याला चॅरिंग क्रॉस म्हणू लागले.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४७ साली, पार्लमेंटच्या आदेशाने हा क्रूस पाडला गेला. त्याच्या जागी १६७५ साली पहिल्या चार्ल्स राजाचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. हा पुतळा १६३३ मध्येच ओतलेला होता. चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर तो मोडीत काढण्यासाठी एका धातुकाम करणाऱ्याला विकण्यात आला. त्याने तो मोडला नाही, लपवून ठेवला, आणि पुन्हा राजेशाही आल्यावर पुतळा बाहेर निघाला. लंडनपासून इतर गावांची अंतरे आजही याच पुतळ्यापासून मोजतात. क्रूस गेला, त्याच्या जागी राजा आला, तरी नाक्याचे नाव तेच राहिले. ज्या खुणेवरून नाव पडले ती नाहीशी झाल्यावरही नाव टिकून राहते, हे चॅरिंग क्रॉसच्या बाबतीत रेल्वे येण्याच्या दोनशे वर्षे आधीच दिसून आले होते.

नाव रेल्वेकडे जाते

साउथ ईस्टर्न रेल्वे कंपनीने थेम्सवर पूल बांधून आपली गाडी शहराच्या ऐन मध्यात आणली आणि ११ जानेवारी १८६४ रोजी चॅरिंग क्रॉस टर्मिनस सुरू केले. त्या जागी पूर्वी हंगरफोर्ड मार्केट नावाचा बाजार होता. तिथे ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याने १८४५ साली बांधलेला झुलता पादचारी पूलही होता. तो काढून रेल्वेचा पूल उभारला गेला, आणि झुलत्या पुलाच्या साखळ्या ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनच्या पुलासाठी वापरल्या गेल्या.

कंपनीला बाजाराचे नाव चालले असते, रस्त्याचे नावही चालले असते. तिने शेजारच्या नाक्याचे नाव घेतले, कारण ते साऱ्या इंग्लंडला माहीत होते. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, टर्मिनसच्या अंगणात एलेनॉरच्या क्रूसासारखा नवा क्रूस उभारण्यात आला. तो एडवर्ड मिडलटन बॅरी या वास्तुविशारदाने रेखाटला होता. अनेक प्रवासी त्यालाच मूळ क्रूस समजतात. मूळ जागा मात्र तिथून थोडी पश्चिमेला, चार्ल्सच्या पुतळ्यापाशी आहे. नाक्याचे नाव टर्मिनसला मिळाले आणि नावाची खूणही टर्मिनसच्या दारात आली. यानंतर 'चॅरिंग क्रॉस' म्हटले की लंडनकरांच्या डोळ्यांसमोर गाड्यांचे ठिकाण येऊ लागले.

नदीकाठचे पहिले भुयारी स्थानक

लंडनमध्ये भुयारी रेल्वे दोन तऱ्हांनी बांधली गेली. पहिली तऱ्हा उथळ: रस्ता खणायचा, खंदकात रूळ टाकायचे, वर विटांची कमान किंवा तुळयांचे छत घालायचे आणि रस्ता पूर्ववत करायचा. दुसरी तऱ्हा खोल: वरच्या रस्त्याला धक्का न लावता मातीतून नळीसारखा बोगदा पोखरत न्यायचा.

नदीकाठचे स्थानक पहिल्या तऱ्हेचे आहे. १८५८च्या उन्हाळ्यात सांडपाण्याने भरलेल्या थेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटचे काम चालणे मुश्कील झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराच्या गटारांची नवी व्यवस्था उभारली. तिचा एक भाग म्हणजे नदीत भराव टाकून बांधलेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा लांबलचक बंधारा. या बंधाऱ्याच्या पोटात मोठे गटार आहे, नळ टाकण्यासाठी चिंचोळे भुयार आहे आणि रेल्वेचा बोगदाही आहे. डोक्यावर रुंद रस्ता आणि बागा. शहर खणायचेच आहे, तर सगळे एकदम करून घ्यावे, असा हा हिशेब होता.

या बोगद्यातून डिस्ट्रिक्ट रेल्वेची गाडी ३० मे १८७० रोजी सुरू झाली. टर्मिनसच्या शेजारून नदीकडे उतरणाऱ्या व्हिलियर्स स्ट्रीटच्या पायथ्याशी तिने एक स्थानक केले आणि त्याला 'चॅरिंग क्रॉस' हे नाव दिले. क्रूस तिथे नव्हता, नाकाही नव्हता. स्थानकाच्या नावाने प्रवाशाला एवढेच सांगितले की मोठ्या टर्मिनसच्या गाडीसाठी इथे उतरा. भुयारी स्थानकाच्या नावाचे मुख्य काम तेव्हापासून हेच राहिले आहे. बोगद्यातून जाणाऱ्याला खिडकीतून देऊळ, चौक किंवा नदी दिसत नाही. आपण कुठे आहोत आणि इथून पुढे काय मिळेल, हे त्याला पाटीवरच्या अक्षरांवरूनच कळते.

खोल बोगदे, कंपन्या आणि नावांची दाटी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या तऱ्हेचे बोगदे या भागात आले. लंडनखालची माती बऱ्याच ठिकाणी चिवट, घट्ट आणि पाणी सहसा न झिरपू देणारी आहे. अशा मातीत पोलादी नळकांडे जॅकच्या जोराने पुढे ढकलायचे, त्याच्या तोंडाशी मजुरांनी माती काढायची आणि मागे ओतीव लोखंडाचे तुकडे नटबोल्टने जोडून कडे तयार करायचे. कड्याला कडे जुळत गेले की सुमारे साडेतीन मीटर व्यासाची नळी तयार होते. या नळीसारख्या आकारावरून लंडनकर भुयारी रेल्वेला 'ट्यूब' म्हणू लागले.

बेकर स्ट्रीट ते वॉटर्लू ही रेल्वे १० मार्च १९०६ रोजी सुरू झाली. दोन टोकांच्या नावांची सांगड घालून लोकांनी तिला 'बेकरलू' म्हटले आणि कंपनीने लवकरच तेच नाव स्वीकारले. तिने या भागात दोन स्थानके केली. चौकाखालच्या स्थानकाचे नाव 'ट्रफाल्गर स्क्वेअर' आणि नदीकाठच्याचे 'एम्बँकमेंट'. म्हणजे नदीकाठी एकाच ठिकाणी वरच्या, उथळ फलाटाचे नाव चॅरिंग क्रॉस आणि खालच्या, खोल फलाटाचे नाव एम्बँकमेंट असे झाले.

पुढच्या वर्षी, २२ जून १९०७ रोजी, हॅम्पस्टेड रेल्वे आली. तिचे शेवटचे स्थानक टर्मिनसच्या अंगणाखाली होते. हे स्थानक खोदण्यामागे एक दुर्घटना आहे. ५ डिसेंबर १९०५ रोजी टर्मिनसचे एकाच कमानीचे भले मोठे छप्पर कोसळले. सहा जणांचा मृत्यू झाला आणि टर्मिनस साडेतीन महिने बंद राहिले. प्रवाशांची आणि घोडागाड्यांची वर्दळ थांबल्यामुळे अंगण वरून खणण्याची संधी भुयारी कंपनीला मिळाली. या स्थानकाला तिने 'चॅरिंग क्रॉस' हे नाव दिले. टर्मिनसच्या अगदी पायाशी असल्यामुळे ते नाव घेण्याचा तिचा हक्क डिस्ट्रिक्टपेक्षा जास्तच होता.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३० नोव्हेंबर १९०७ रोजी, पिकॅडिली रेल्वेचा एक छोटा फाटा पूर्वेला सुरू झाला आणि त्याच्या टोकाच्या स्थानकाला 'स्ट्रँड' म्हटले गेले. अर्ध्या तासात पायी फिरून यावे एवढ्या परिसरात आता चॅरिंग क्रॉस दोनदा, शिवाय एम्बँकमेंट, ट्रफाल्गर स्क्वेअर आणि स्ट्रँड अशी नावे झाली.

असा गुंता मुंबईकरांना परका नाही. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी (२०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड) ही स्थानके पादचारी पुलाने जोडलेली आहेत, तरी त्यांची नावे वेगळी. जवळच्याच दादरला मात्र दोन्ही रेल्वेंचे नाव एक. याचे कारण जुने आहे. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन वेगळ्या कंपन्यांनी आपापले रूळ टाकले आणि स्थानकांची नावेही आपापली ठेवली. लंडनमध्येही प्रत्येक मार्गासाठी पार्लमेंटकडून वेगळी परवानगी घेतलेली होती, वेगळी कंपनी होती आणि प्रत्येकीला स्वतःचे स्थानक हवे होते.

फरक एवढाच की लंडनच्या या चारही मार्गांची मालकी तोवर एकत्र आली होती. चार्ल्स यर्कीझ या अमेरिकन भांडवलदाराने १९०२ साली एक मोठी कंपनी स्थापन केली. डिस्ट्रिक्ट, बेकरलू, हॅम्पस्टेड आणि पिकॅडिली हे चारही मार्ग तिच्या हाती होते. नावे मात्र जुन्या, सुट्या आराखड्यांप्रमाणेच पडली. त्यांची घडी बसवायला आणखी काही वर्षे लागली.

नदीखालचा फेरा

हॅम्पस्टेडची गाडी टर्मिनसखाली येऊन थांबे. तिथून डिस्ट्रिक्ट किंवा बेकरलू पकडायची तर वर येऊन रस्त्याने चालावे लागे. एका मालकाच्या गाड्यांमध्ये बदल करायला प्रवाशाने रस्ता तुडवावा, हे सोयीचे नव्हते. म्हणून हॅम्पस्टेड मार्ग एक स्थानक पुढे, नदीकाठापर्यंत नेण्यात आला. ६ एप्रिल १९१४ रोजी तो सुरू झाला.

मार्गाच्या टोकाला गाडी उलटी फिरवणे वेळखाऊ असते. चालकाला पुढच्या डब्यातून मागच्या डब्यात जावे लागते आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यावी लागते. हा वेळ वाचवण्यासाठी अभियंत्यांनी बोगद्याला फेरा दिला. गाडी दक्षिणेकडे जाई, नदीच्या पात्राखाली वळण घेई आणि न थांबता उलट्या दिशेला तोंड करून नदीकाठच्या एकाच फलाटावर येई. तिथून ती सरळ उत्तरेला परत निघे.

१३ सप्टेंबर १९२६ रोजी मार्ग नदीपलीकडे केनिंग्टनपर्यंत वाढवला गेला. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीसाठी वेगळा बोगदा आणि फलाट झाला, आणि नदीखालचा फेरा निरुपयोगी ठरून बंद करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बाँबहल्ल्यामुळे त्यात पाणी शिरले. तो आधीच बंद केलेला असल्यामुळे चालू मार्ग सुरक्षित राहिला.

फेऱ्याचा एक अवशेष प्रवाशांना रोज भेटतो. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचा फलाट अजून त्या जुन्या वळणावर आहे. डबा सरळ आणि फलाट वक्र असला की दोघांच्या कडा सर्वत्र जुळू शकत नाहीत. काही दारांपाशी डबा फलाटाला जवळजवळ टेकतो, तर काही दारांपाशी मधे मोठी फट राहते. म्हणूनच इथे फट सांभाळण्याची सूचना सतत ऐकू येते. ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजातली जुनी सूचना इतर ठिकाणी बंद झाली होती. त्याच्या पत्नीच्या विनंतीवरून २०१३ साली ती या फलाटावर पुन्हा लावण्यात आली.

९ मे १९१५: एका दिवसात तीन नावे

१९१४च्या जोडणीने परिसराचे वजन बदलले. तीन मार्ग आता नदीकाठी भेटत होते आणि तिथे गाडी बदलणाऱ्या कोणालाही रस्त्यावर यावे लागत नव्हते. पहिल्या वर्षी कंसांचा आधार घेतला गेला. नदीकाठच्या खोल फलाटांना 'चॅरिंग क्रॉस (एम्बँकमेंट)' म्हटले आणि टर्मिनसखालच्या स्थानकाला 'चॅरिंग क्रॉस (स्ट्रँड)'. कंसातली नावे कागदावर ठीक असतात. बोलताना माणूस कंस गाळतो, आणि कंस गळला की दोन्ही स्थानके पुन्हा एकच होतात.

९ मे १९१५ रोजी हा घोळ मिटवण्यात आला. नदीकाठचे स्थानक, वरचे-खालचे सगळे फलाट धरून, नुसते 'चॅरिंग क्रॉस' झाले. टर्मिनसखालच्या स्थानकाला 'स्ट्रँड' हे नाव मिळाले. ते नाव मोकळे करण्यासाठी पिकॅडिलीच्या फाट्यावरच्या स्ट्रँडचे त्याच दिवशी 'ऑल्डविच' झाले. एक नाव हलवायचे तर ते घेणाऱ्या स्थानकाचे जुने नाव आणि देणाऱ्या स्थानकाचे नवे नाव हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात.

जमिनीवरून पाहिले तर हा निर्णय उफराटा वाटतो. चॅरिंग क्रॉस टर्मिनसच्या थेट खाली असलेल्या स्थानकाने ते नाव गमावले. जमिनीखालून पाहिले की त्याचे कारण कळते. सर्वांत मोठे नाव सर्वांत मोठ्या जोडस्थानकाला दिले गेले. टर्मिनसचे मागचे टोक नदीच्या बाजूला येते, आणि व्हिलियर्स स्ट्रीटने चढून गेले की टर्मिनस गाठता येते. त्यामुळे नाव खोटेही ठरत नव्हते.

पाटीवरचे नाव

नावे नक्की होत होती त्याच काळात ती वाचण्याची सोयही सुधारत होती. स्थानकांच्या भिंती जाहिरातींनी भरलेल्या असत आणि चालत्या गाडीतून स्थानकाचे नाव त्या गर्दीत हरवून जाई. १९०८ साली नावाच्या निळ्या पट्टीमागे भरीव लाल वर्तुळ देण्याचा प्रयोग झाला. नजर आधी लाल रंगावर थांबे आणि मग नावावर. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या लंडन भुयारी रेल्वेच्या चिन्हाची ही सुरुवात होती. १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने या रेल्वेसाठी साधे, स्वच्छ वळणाचे अक्षर तयार करून दिले, आणि पुढे पाट्या त्या अक्षरात रंगू लागल्या.

१९३३ साली शहरातली वाहतूक एका सार्वजनिक मंडळाकडे आली. त्याच वर्षी हॅरी बेक याने आखलेला नवा नकाशा प्रवाशांच्या हाती पडला. त्याने खरे अंतर आणि रस्त्यांची वळणे बाजूला ठेवली आणि मार्ग आडव्या, उभ्या व तिरक्या रेषांनी दाखवले. कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कुठे बदलायची, एवढेच त्यात राहिले. असा नकाशा वापरणाऱ्यासाठी नावाचे महत्त्व आणखी वाढते, कारण जागेची दुसरी कोणतीही खूण त्याच्यापुढे नसते. हॅम्पस्टेडच्या विस्तारलेल्या मार्गाला १९३७ साली 'नॉर्दर्न लाइन' हे नाव मिळाले. चॅरिंग क्रॉस, स्ट्रँड आणि ट्रफाल्गर स्क्वेअर ही तिन्ही नावे मात्र १९१५ साली होती तशीच जवळजवळ साठ वर्षे चालली.

नाव परत वर येते

साठच्या दशकात लंडनसाठी आणखी एक भुयारी मार्ग आखण्यात आला. तो पुढे फ्लीट स्ट्रीट या वृत्तपत्रांच्या रस्त्याखालून जाणार होता, म्हणून त्याला 'फ्लीट लाइन' म्हणत. पहिल्या टप्प्याचा शेवट टर्मिनस आणि ट्रफाल्गर स्क्वेअर यांच्या मधे, नव्या खोल फलाटांवर करायचे ठरले. स्ट्रँड आणि ट्रफाल्गर स्क्वेअर ही आजवर वेगळी असलेली दोन स्थानके या फलाटांमुळे जमिनीखालून एकमेकांना जोडली जाणार होती.

कामासाठी स्ट्रँड स्थानक १६ जून १९७३ रोजी बंद झाले. नव्या फलाटांपर्यंत पोचणारे सरकते जिने बसवायचे होते. जवळजवळ सहा वर्षे नॉर्दर्न लाइनच्या गाड्या तिथे न थांबता पुढे जात राहिल्या.

जोडणी पूर्ण झाल्यावर सगळा हिशेब १९१५च्या उलट होणार होता. दोन स्थानके मिळून एक होणार, तेही टर्मिनसच्या थेट खाली. त्याला चॅरिंग क्रॉसखेरीज दुसरे नाव शोभत नव्हते. पण ते नाव नदीकाठच्या स्थानकाकडे होते आणि एका पिढीहून अधिक काळ लोकांच्या तोंडी बसलेले होते. म्हणून बदल पायरीपायरीने केला गेला. ४ ऑगस्ट १९७४ रोजी नदीकाठचे स्थानक 'चॅरिंग क्रॉस एम्बँकमेंट' झाले. या जोडनावात जुन्याची ओळख राहिली आणि नवे नावही रोज डोळ्यांखालून जाऊ लागले. १२ सप्टेंबर १९७६ रोजी त्यातला पहिला भाग काढून नुसते 'एम्बँकमेंट' ठेवले गेले. बेकरलूने १९०६ साली आपल्या फलाटाला दिलेले नाव असे सत्तर वर्षांनी परत आले.

दरम्यान मार्गाचेही नाव बदलले. १९७७ साली राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला आणि त्या निमित्ताने फ्लीट लाइनची 'ज्युबिली लाइन' झाली. १ मे १९७९ रोजी ती प्रवाशांसाठी खुली झाली. त्याच दिवशी स्ट्रँड आणि ट्रफाल्गर स्क्वेअर ही नावे नकाशावरून गेली आणि दोन्ही मिळून 'चॅरिंग क्रॉस' झाले.

भिंतीवरचे कारागीर

नव्या स्थानकाच्या नॉर्दर्न लाइनच्या फलाटांवर डेव्हिड जेंटलमन या चित्रकाराची मोठी भित्तिचित्रे आहेत. त्याने छोटी काष्ठचित्रे कोरली आणि ती प्रचंड मोठी करून भिंतीवर लावण्यात आली. चित्रे काळ्या-पांढऱ्या रेषांची आहेत. एलेनॉरचा क्रूस कसा घडला ते त्यांत क्रमाने दिसते: खाणीतून दगड काढणारे मजूर, तो वाहून आणणाऱ्या गाड्या, छिन्नी-हातोडा घेतलेले पाथरवट, परांचीवर चढलेले गवंडी आणि हळूहळू उंच होत जाणारा क्रूस. राणीपेक्षा इथे कारागीरच जास्त आहेत.

या चित्रांचे एक शैक्षणिक मोलही आहे. नाव आणि जागा यांचा संबंध १६४७ नंतर सैल होत गेला होता. क्रूस पाडला गेला, नव्या जागी त्याचा नमुना उभा राहिला, नाव रेल्वेकडे आणि मग नदीकाठी गेले. जेंटलमनच्या चित्रांनी हा संबंध पुन्हा जोडून दिला. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला आपण उभे आहोत त्या ठिकाणाचे नाव कशावरून पडले, हे एक शब्दही न वाचता कळते. चौकाच्या बाजूच्या बेकरलू फलाटांवर शेजारच्या राष्ट्रीय कलादालनांतील चित्रे लावलेली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती वरच्या परिसराची ओळख करून देतात.

मार्ग गेला, नाव राहिले

ज्युबिली लाइन फ्लीट स्ट्रीटखाली कधीच पोचली नाही. लंडनच्या पूर्वेला जुन्या गोद्यांच्या जागी नवी व्यापारी वस्ती उभी राहिली आणि मार्ग तिकडे न्यायचे ठरले. नवा बोगदा ग्रीन पार्क स्थानकानंतर वळून वेस्टमिन्स्टर आणि वॉटर्लूमार्गे पूर्वेकडे गेला, आणि चॅरिंग क्रॉस बाजूला पडले. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथले ज्युबिलीचे फलाट बंद झाले. ज्या फलाटांमुळे दोन स्थानके एक झाली, ते वीस वर्षेच प्रवाशांच्या उपयोगी पडले. सुस्थितीतले, रिकामे आणि गर्दीच्या वेळापत्रकातून मोकळे असल्यामुळे त्यांचा उपयोग आता चित्रीकरणासाठी होतो. २०१२च्या 'स्कायफॉल' या बाँडपटातली भुयारी रेल्वेची दृश्ये इथे टिपली गेली.

या वेळी मात्र नाव हलले नाही. ज्युबिलीच्या कामात खोदलेल्या जोडमार्गांमुळे बेकरलू आणि नॉर्दर्न या मार्गांचे प्रवासी आजही आतल्या आत एकमेकांच्या फलाटावर जाऊ शकतात. मधली जोडणी टिकली, टर्मिनसचा जिना टिकला, म्हणून नावही टिकले.

नाव कशाच्या मागे जाते, हे या घडामोडींतून स्पष्ट दिसते. १८७० साली ते टर्मिनसच्या जवळिकीमुळे नदीकाठी गेले. १९१५ साली तीन मार्गांच्या भेटीमुळे तिथेच पक्के झाले. १९७९ साली दोन स्थानके जोडली गेल्यामुळे वर आले. जागेचा इतिहास नावाला जन्म देतो, पण ते कोणत्या फलाटावर लागायचे हे प्रवाशाची वाट ठरवते. म्हणूनच भुयारी स्थानकाचे नाव बदलताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात: ते नाव वाचून प्रवासी योग्य ठिकाणी उतरेल का, आणि जवळच्या दुसऱ्या नावाशी त्याची गल्लत होणार नाही ना. १९१४ साली कंस दुसऱ्या कसोटीला उतरले नाहीत. १९७४ साली जोडनाव आधी लावून ही गल्लत टाळता आली.

चौकट: तीन जागा, त्यांची नावे

नदीकाठ
१८७०: चॅरिंग क्रॉस (डिस्ट्रिक्टचे उथळ फलाट)
१९०६: एम्बँकमेंट (बेकरलूचे खोल फलाट)
१९१४: चॅरिंग क्रॉस (एम्बँकमेंट), फक्त खोल फलाट
१९१५: चॅरिंग क्रॉस, सर्व फलाट
१९७४: चॅरिंग क्रॉस एम्बँकमेंट
१९७६ पासून: एम्बँकमेंट

टर्मिनसच्या पुढ्यात
१९०७: चॅरिंग क्रॉस
१९१४: चॅरिंग क्रॉस (स्ट्रँड)
१९१५: स्ट्रँड
१९७३ ते १९७९: बंद
१९७९ पासून: चॅरिंग क्रॉस

चौकाखाली
१९०६: ट्रफाल्गर स्क्वेअर
१९७९ पासून: चॅरिंग क्रॉस